दोन नांवांचीं गांवें

दुइनो हें नांव मराठी वाचकाच्या कानांवरून गेलें असलेंच, तर तें बहुधा राइनर मारिया रिल्के ह्या जर्मन कवीच्या शोकगीतांमुळें. १९१२ च्या जानेवारींत एड्रियाटिक समुद्राच्या कड्यावरील एका किल्ल्यांत हा कवि पाहुणा म्हणून राहिला होता. तेथें त्यानें ह्या दहा दीर्घ काव्यांस आरंभ केला आणि दहा वर्षांनीं, १९२२ मध्यें, स्वित्झर्लंडांतील म्यूझो येथें तीं पुरीं केलीं. १९२३ सालीं पुस्तक बाहेर पडलें तेव्हां, हें काव्य प्रिन्सेस मारी फॉन थुर्न उंड टाक्सिस हिच्या मालकीचें होय, अशा अर्थाचा उल्लेख त्यावर छापण्यांत आला. किल्लाहि तिच्याच मालकीचा होता. कवीनें दाखविलेली ही कृतज्ञता त्याला शोभणारीच होती. परंतु 'मालकी' ह्या शब्दावर आमचें मन जरा अडखळलें. तो किल्ला ज्या गांवकुसांत उभा आहे, त्या गांवाचें व त्याच्या भोंवतालच्या दहाबारा खेड्यांचें नांव त्या दहा काव्यांत एकदांहि येत नाहीं. व्हेनिस येतें, रोम येतें, नेपल्स येतें, नाईलचा कांठ येतो. किल्ल्यापासून हांकेच्या अंतरावर दगड फोडणारा पाथरवट मात्र येत नाहीं. काव्याकडून अशी अपेक्षा करणें योग्य नव्हे, हें आम्ही जाणतों. इतिहासाकडून मात्र ती केली पाहिजे.

आज ह्या म्युनिसिपालिटीचें नांव इटालियन भाषेंत दुइनो-आउरिसीना आणि स्लोव्हेनी भाषेंत देवीन-नाब्रेझिना असें आहे. ट्रिएस्ट शहराच्या वायव्येस, जेथें एड्रियाटिक समुद्र उत्तरेकडे शिरून संपतो, तेथें तिची हद्द लागते. क्षेत्रफळ सुमारें ४५ चौरस किलोमीटर, वस्ती आठ हजारांच्या आसपास. समुद्राकडील बाजूस पांढऱ्या चुनखडीचा उभा कडा आणि त्याच्या मागें कार्स्टचें उघडें पठार. भूशास्त्रज्ञ ज्या प्रदेशांत पाणी पृष्ठभागावर न राहतां खडकांत मुरून जातें त्याला जगभर 'कार्स्ट' म्हणतात, तो शब्द ह्याच पठाराच्या नांवावरून निघाला. त्या भूमीवर विहीर खणणें व्यर्थ. खेडुतांनीं शतकानुशतकें छपरावरचें पाणी दगडी टांक्यांत सांठवून दिवस काढले.

आणि तरीहि ह्याच कोरड्या भूमीच्या पायथ्याशीं एक संपूर्ण नदी जमिनींतून बाहेर पडते. टिमाव्हो हें तिचें नांव. स्लोव्हेनियांतील श्कोत्स्यान येथें रेका नांवाची नदी एका गुहेंत शिरून नाहींशी होते, सुमारें ४० किलोमीटर पाताळांतून वाहते आणि सान जोवान्नी ह्या खेड्यांत झऱ्यांच्या रूपानें वर येऊन लगेच समुद्राला मिळते. व्हर्जिलनें आपल्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गांत तिचीं नऊ मुखें सांगितलीं आहेत. आज तीन-चारच दिसतात. मधल्या काळांत कांहीं बुजलीं कीं कवीनें संख्या वाढवून सांगितली, ह्याचा निकाल विद्वानांनीं करावा. ट्रिएस्ट शहराला पाणी हवें म्हणून लिंडनर नांवाच्या गृहस्थानें ह्या गुप्त नदीचा शोध चालविला आणि १८४१ सालीं त्रेबिचानोच्या विवरांत ३२९ मीटर खोल उतरल्यावर त्याला वाहतें पाणी सांपडलें. इतक्या खोलीवरून पाणी उपसावें कसें हें कोणालाच सुचेना, म्हणून त्या शोधाचा शहराला उपयोग झाला नाहीं. पुढें वरच्या गुहेंत खुणा केलेल्या वाम मासळ्या सोडून त्या खालच्या झऱ्यांत निघतात कीं काय, हेंहि संशोधकांनीं पाहिलें. आणि त्या निघाल्या.

लिखित इतिहासांत ही जागा प्रथम येते ती एका फजितीनें. इ. स. पूर्वीं १७८ मध्यें कॉन्सल आउलुस मान्लिउस व्हुल्सो हा इस्त्री लोकांवर चालून आला आणि त्यानें टिमाव्होपाशीं तळ दिला. धुक्यांत शत्रु अंगावर आला असें समजून रोमन सैनिक जहाजांकडे पळत सुटले. इस्त्रींनीं रिकामा तळ घेतला, तेथील अन्नावर व मद्यावर ताव मारला आणि ते झिंगून पडले असतां परतलेल्या रोमनांनीं त्यांची कत्तल केली. लिव्हीनें ही हकीकत कांहींशा संकोचानें सांगितली आहे. त्यानंतर रोमन लोक येथें कायमचे राहिले. आक्विलेया नगराकडून जाणारा रस्ता येथून गेला, कड्याच्या पाठीमागें दगडाची खाण सुरू झाली, आणि दुइनोजवळच्या एका गुहेंत मिथ्र देवाची पूजा होऊं लागली. आपल्या वैदिक मित्राचा हा इराणी भाऊबंद रोमन शिपायांच्या संगतीनें एड्रियाटिकपर्यंत पोंचला होता. ती गुहा गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत उजेडांत आली.

खाणीविषयीं थोडें अधिक सांगणें भाग आहे. कारण ह्या गांवांचें पोट प्रामुख्यानें तिच्यावर चाललें. आउरिसीनाचा दगड फिकट राखी रंगाचा, घट्ट व ऊनपावसाला दाद न देणारा. आक्विलेयाचीं बांधकामें त्याच दगडाचीं. मध्ययुगांत ही खाण मंदावली. तिचें भाग्य पुन्हां उघडलें तें आगगाडीनें. १८५७ सालीं व्हिएन्नाहून ट्रिएस्टपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि १८६० मध्यें इटलीकडे जाणारा फांटा नाब्रेझिनाहून निघाला. खेड्याचें जंक्शन झालें. साम्राज्याच्या राजधानींत त्या काळीं भव्य इमारती उठत होत्या आणि त्यांना हवा असलेला दगड आतां थेट खाणीच्या तोंडापाशीं डब्यांत चढत होता. ज्या पठारावर मेंढ्या, थोडी द्राक्षें व पुष्कळ दगडधोंडे ह्यांपलीकडे कांहीं नव्हतें, तेथें पाथरवटांचीं कुटुंबें वाढलीं. त्यांच्या मागोमाग शाळा, वाचनालयें व गायनमंडळें आलीं. हीं सर्व स्लोव्हेनी भाषेंत चालत. दुइनो व नाब्रेझिना हीं गांवें तेव्हां ट्रिएस्टच्या नव्हे, गोरित्सिया प्रांताच्या कारभारांत होतीं, आणि ऑस्ट्रियन जनगणनेंत 'नित्य व्यवहाराची भाषा' विचारली असतां पठारावरील बहुतेक घरांनीं स्लोव्हेनी असेंच उत्तर दिलें.

समुद्राशींहि त्यांचें नातें होतें, ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटते. कारण स्लोव्हेनी म्हटला कीं डोंगरी शेतकरीच डोळ्यांपुढें येतो. ह्या कड्याखालीं स्लोव्हेनी कोळी ट्यूना धरीत. आपल्या कोंकण किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात तोच हा मासा. कड्याच्या उंचावर एक माणूस टेहळणीस बसे, थवा दिसतांच आरोळी देई, आणि खालचे लोक जाळें ओढून थव्याभोंवतीं कोंडाळें करीत. जवळच्या किनाऱ्यावर १९५४ मध्यें शेवटचा मोठा थवा सांपडला. पुढें ते थवेच येईनासे झाले. ह्या कोळ्यांची 'चूपा' नांवाची होडी एकाच झाडाच्या ओंडक्यांतून कोरून काढलेली असे. नाब्रेझिनाची अशी एक चूपा आज ल्युब्ल्यानाच्या लोकजीवन संग्रहालयांत ठेवली आहे. समुद्रापासून दूर, दुसऱ्या देशाच्या राजधानींत.

किल्ल्याची वंशावळ आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण ती कोणत्याहि प्रवासपुस्तकांत मिळते. जुना किल्ला समुद्रांत घुसलेल्या खडकावर होता. त्याचे आतां अवशेष आहेत. त्याच्याखालीं पांढरा बुरखा घेतलेल्या स्त्रीच्या आकाराचा एक खडक आहे, आणि नवऱ्यानें कड्यावरून लोटलेली बायको अर्ध्यांतच दगड झाली, अशी कथा त्याच्याभोंवतीं गुंफली आहे. नवा किल्ला त्याच्या शेजारीं. दुइनोचे मूळ सरदार १३९९ मध्यें निर्वंश झाले, मग वाल्झे घराणें, १४७२ पासून हाब्सबुर्ग, आणि पुढें लग्नसंबंधानें हातोहात फिरत तो थुर्न उंड टाक्सिस घराण्याकडे आला. दुइनोच्या पाहुण्यांमध्यें रिल्केइतकाच मोठा दुसराहि एक मनुष्य होता. उष्णतेचें व अणूंचें गणित मांडणारा लुडविग बोल्ट्झमान बायकोमुलीसह येथें विश्रांतीला आला आणि ५ सप्टेंबर १९०६ रोजीं त्यानें येथेंच गळफास लावून घेतला. अणु खरोखर आहेत काय, ह्याविषयींचा वाद तो जन्मभर लढला. त्याचें म्हणणें सर्वमान्य झालें तें पुढील दोनतीन वर्षांत.

ह्याच काळांत नाब्रेझिनांत एक कवि वाढत होता. ईगो ग्रूडेन त्याचें नांव, जन्म १८९३. रिल्के किल्ल्यांत शोकगीतें लिहूं लागला तेव्हां हा अठरा वर्षांचा होता. 'प्रिमोर्स्के पेस्मी' म्हणजे किनारपट्टीचीं गीतें हा त्याचा संग्रह १९२० मध्यें निघाला. त्यांत समुद्र व कार्स्टची भूमि आहे. पण तोंपर्यंत गांव त्याच्या हातून गेला होता. तो ल्युब्ल्यानांत वकिली करूं लागला आणि १९४८ मध्यें तेथेंच वारला. युरोपांत शंभर रिल्केभक्तांस विचारलें तर त्यांतील एकालाहि हें नांव ठाऊक असेल कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे.

गांव हातून कसा गेला, हें समजण्यास महायुद्धाकडे वळावें लागतें. मे १९१५ मध्यें इटलीनें ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलें. जूनमध्यें शेजारचें मोंफाल्कोने पडलें आणि आघाडी दुइनोच्या दारांत येऊन थांबली, ती १९१७ च्या ऑक्टोबरपर्यंत हलली नाहीं. ह्या गांवांच्या डोक्यावर हेर्मादा नांवाचा ३२३ मीटर उंचीचा डोंगर आहे. उंचीनें तो नगण्य. पण ट्रिएस्टची वाट त्याच्या तोफांखालून जात होती. इसोंझोच्या अकरा लढायांत इटालियन सैन्याला तो घेतां आला नाहीं. दुइनोचा किल्ला तोफगोळ्यांनीं फुटला, सान जोवान्नीचें जुनें देऊळ ढांसळलें, खेडीं मातीस मिळालीं. माणसें आधींच हलविलेलीं होतीं. ऑस्ट्रियाच्या आंतल्या प्रांतांतील लांकडी छावण्यांत त्यांनीं दोनतीन हिवाळे काढले. परत येऊन पाहतात तों घरें नाहींत आणि राज्यहि बदललेलें. नोव्हेंबर १९२० च्या रापालो तहानें हा मुलूख इटलीचा झाला.

किल्ला पुन्हां बांधला गेला, घरेंहि उठलीं. राज्याची नजर आतां नांवांकडे वळली. १९२३ मध्यें नव्या मुलखांतील स्थलनामांसंबंधीं राजाज्ञा निघाली. त्याच वर्षींच्या शिक्षणसुधारणेनें स्लोव्हेनी शाळा एकेक इयत्ता करून बंद होत गेल्या. १९२७ पासून आडनांवांना इटालियन रूप देण्याचा कायदा ह्या प्रांतास लागू झाला. नाब्रेझिनाला इटालियन लोक स्वतः तोंपर्यंत 'नाब्रेसिना' म्हणत. ह्या नांवाचें नातें कांठ, कडा अशा अर्थाच्या 'ब्रेग' ह्या स्लाव्ह शब्दाशीं उघड दिसतें. त्याच्या जागीं 'आउरिसीना' आलें. ऐकणाऱ्यास तें प्राचीन रोमन वाटावें, अशीच त्याची घडण आहे.

येथें जरा थांबून ह्या खेड्यांचीं नांवें पाहणें मनोरंजक आहे. प्रापरोत म्हणजे नेचा; त्याचें झालें प्रेपोत्तो, ज्याला इटालियनमध्यें कांहींच अर्थ नाहीं. स्लीव्हा म्हणजे आलुबुखार. त्यावरून स्लीव्हनो, त्याचें स्लीव्हिया. त्रन म्हणजे कांटा, त्रनोव्त्साचें तेर्नोव्हा. त्सेरोव्ल्ये हें ओकच्या एका जातीवरून पडलेलें नांव, त्याचें चेरोल्ये. अर्थ निघून गेला आणि ध्वनि तेवढा उरला. आतां उलट बाजूहि पाहिली पाहिजे. सान जोवान्नीला स्लोव्हेनी लोक श्टीवान म्हणतात आणि सान पेलाजोला शेम्पोलाय. हीं दोन्ही एकाच संताचीं दोन उच्चारणें. कोणीं कोणाचें घेतलें हा प्रश्नच येथें संभवत नाहीं. आणि सिस्तियाना हें तर मुळांत एखाद्या रोमन जमीनदाराचें नांव असावें असें मानतात. सेस्ल्यान हें त्याचें स्लाव्ह रूप. म्हणजे शब्द दोन्ही दिशांनीं वाहत आले होते, कोणाच्या हुकुमाशिवाय, हजार वर्षें. त्यांतील एकच दिशा खरी आणि दुसरी पुसून टाकण्याजोगी, हें १९२३ च्या कारकुनांनीं ठरविलें. आम्हांस त्यांच्या देशाभिमानापेक्षां त्यांच्या अज्ञानाचें अधिक वाईट वाटतें.

पुढचा अध्याय ह्याहून कठोर आहे. सप्टेंबर १९४३ मध्यें इटलीनें शरणागति पत्करली आणि जर्मन सैन्यानें हा टापू आपल्या कारभारांत घेतला. पठारावरील पुष्कळ तरुण पार्टिझन दलांत गेले. ऑगस्ट १९४४ मध्यें जर्मनांनीं हेर्मादाच्या आसपासचीं मेदेआत्सा, चेरोल्ये, माल्कीना व व्हिसोल्यानो हीं गांवें जाळलीं. ज्या म्हाताऱ्यांनीं १९१५ मध्यें घर सोडलें होतें, त्यांनीं तीस वर्षांच्या आंत तेंच घर दुसऱ्यांदा भस्म झालेलें पाहिलें. १९४५ च्या मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत मार्शल टिटोचें सैन्य पठारावरून आणि न्यूझीलंडचें सैन्य किनाऱ्याच्या रस्त्यानें ट्रिएस्टला पोंचलें. चाळीस दिवस शहर युगोस्लाव्ह अमलांत होतें. त्या दिवसांत अनेकांना धरून नेण्यांत आलें व त्यांतले कित्येक परतले नाहींत. जूनमध्यें कारभार ब्रिटिश-अमेरिकनांकडे गेला. १९४७ च्या तहानें ट्रिएस्टचें 'स्वतंत्र क्षेत्र' निर्माण झालें आणि त्याची इटलीकडील सीमा सान जोवान्नीच्या पलीकडेंच आंखली गेली. म्हणजे दुइनोच्या माणसाला शेजारच्या मोंफाल्कोनेच्या बाजारास जाणें हें परराज्यांत जाणें झालें. ही अवस्था १९५४ च्या ऑक्टोबरांत संपली. पण ह्याच परकी लष्करी अमलांत स्लोव्हेनी शाळा पुन्हां उघडल्या, हें नमूद केलें पाहिजे.

त्याच सुमारास समुद्रापलीकडील इस्त्रियांतून इटालियनभाषी लोकांचे लोंढे येऊं लागले. त्यांचीं गांवें युगोस्लाव्हियांत गेलीं होतीं; घर, शेत, होडी, पितरांचीं थडगीं टाकून ते निघाले होते. त्यांना कोठें तरी वसविणें प्राप्त होतें. सिस्तियानांत त्यांच्यासाठीं वसाहत झाली, आणि टिमाव्होच्या मुखाजवळ एक नवें गांवच उभें राहिलें. ह्या वसाहतींची जमीन मुख्यतः स्लोव्हेनी शेतकऱ्यांकडून सक्तीनें संपादन करण्यांत आली. निर्वासितांना आसरा मिळाला, तो दुसऱ्या एका दुखावलेल्या लोकांच्या बांधांवर; आणि गांवांतील भाषांचें प्रमाण कायमचें पालटलें. ह्यांत कोणाचें दुःख मोठें, हें मोजण्याचा उद्योग तिकडील राजकारणी पुरुष अनेक वर्षें करीत आले. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, दोन्ही पक्षांच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यांत एकच तक्रार असणार : आम्हांला कोणीं विचारलें नाहीं.

अलीकडच्या काळांत बऱ्याच गोष्टी निवळल्या. १९७५ च्या ओसिमो करारानें सीमेचा वाद मिटला. २००१ च्या ३८ व्या कायद्यानें स्लोव्हेनी अल्पसंख्याकांना शाळेचे, भाषेचे व स्थलनामांचे हक्क मान्य झाले. २००७ च्या डिसेंबरांत सीमेवरचीं नाकीं उठलीं. २०२३ पासून तपासणी पुन्हां सुरू झाली, हें खरें, परंतु दोन्हींकडच्या लोकांचें जाणेंयेणें थांबलेलें नाहीं. दुइनोंत १९८२ पासून 'युनायटेड वर्ल्ड कॉलेज' चालतें. पुण्याजवळ मुळशीच्या खोऱ्यांत ह्याच संस्थेचें भावंड १९९७ मध्यें निघालें, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक असेल. पठारावरच्या खेड्यांत अजून 'ओस्मित्सा' उघडते. सम्राट् दुसऱ्या जोसेफनें १७८४ मध्यें शेतकऱ्यास स्वतःची द्राक्षसुरा आपल्या घरीं विकण्याची मोकळीक दिली. ती आठ दिवसांची असे म्हणून 'ओसेम', म्हणजे आठ, ह्या शब्दावरून हें नांव पडलें. रस्त्याच्या तिठ्यावर आयव्हीची हिरवी डहाळी टांगलेली दिसली कीं समजावें, आज अमुक घरीं पिंप उघडलें आहे. त्या डहाळीला भाषा नाहीं; इटालियन, स्लोव्हेनी, निर्वासितांचे नातू सर्वच तिचा माग काढीत जातात.

टिमाव्होपाशीं निर्वासितांसाठीं जें गांव वसलें, त्याला सरकारनें 'व्हिलाजो देल पेस्कातोरे' म्हणजे कोळ्याचें गांव असें नांव दिलें. त्याच्याजवळच्या एका जुन्या खाणींत १९९० नंतरच्या दशकांत एका प्रचंड सरड्याचा जवळजवळ अखंड सांगाडा निघाला. हा पशु सात-आठ कोटि वर्षांपूर्वींचा. २००९ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्याला 'तेथिसहाद्रोस इन्सुलारिस' असें लांबलचक लॅटिन नांव दिलें, आणि गांवकरी त्याला आंतोनिओ म्हणतात. ह्या गांवाला स्लोव्हेनी लोकांचें जुनें नांव असणें शक्यच नव्हतें; १९५० च्या आधीं तेथें वस्तीच नव्हती. पाटी दुभाषी करण्याची वेळ आली तेव्हां इटालियन नांवाचें सरळ भाषांतर करण्यांत आलें : रीबिश्को नासेल्ये. भोंवतालच्या खेड्यांत स्लोव्हेनी नांवावरून इटालियन नांव केलेलें आहे. येथें तेवढा क्रम उलटा आहे.